‘आपल्यातलाच आहे ना?’

मी ग्रीसमध्ये राहतो. दचकू नका. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्यांना हा विनोद जुना आहे. इथे दहा वस्त्यांना दहा नावं दिली आहेत: चीन, रशिया, फ्रान्स, इंग्लंड, इटली, स्पेन, मोरोक्को, पर्शिया, एमिरेट्स आणि आमचं ग्रीस. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालं की तासाभरात अर्धं जग पालथं घालून होतं, आणि येताना ड्रॅगन मार्टमधून पडद्यांचे हुकही आणता येतात. आमच्या ग्रीसमध्ये इतक्या वर्षांत मला एकही ग्रीक माणूस भेटलेला नाही. शेजारी फिलिपिनो नर्स, वरच्या मजल्यावर केरळी कुटुंब, खाली पेशावरचा न्हावी, आणि मधे आम्ही.

म्हणून परवा जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मला ग्रीक लाइफबद्दल विचारायचंय," तेव्हा मला वाटलं, पुन्हा पार्किंगची तक्रार! पण तिचा प्रश्न वेगळा होता. तिची बारावी झाली आहे, अमेरिकेत प्रवेश मिळाला आहे, आणि तिथे ‘सोरॉरिटी’ नावाचा प्रकार असतो हे तिला कळलं आहे. तिच्या विद्यापीठात गोऱ्या मुलींच्या मोठमोठ्या सोरॉरिटी आहेत, तशी दक्षिण आशियाई मुलींचीही एक आहे. "मी कुठे जाऊ? की कुठेच नको?" आणि मग हळूच, "आपल्यांनी आपल्यांतच राहायचं, हे चांगलं की वाईट?"

मी आयटी कन्सल्टंट. ग्राहकाच्या प्रश्नाला तासाभरात तीन पर्याय देणं हा माझा धंदा. लेकीच्या प्रश्नाला मात्र तीन आठवडे झाले तरी उत्तर जमलेलं नाही. तेच इथे मांडतो आहे.

ज्यांचा अमेरिकेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुलांची फ्रॅटर्निटी आणि मुलींची सोरॉरिटी म्हणजे कॉलेजमधली एक प्रकारची मंडळंच. नावं ग्रीक अक्षरांची. ही प्रथा १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेल्या ‘फाय बीटा कप्पा’पासूनची. पुष्कळांची स्वतःची घरं असतात. दर वर्षी नवी मुलं घरोघरी जाऊन ओळख करून घेतात आणि आधीचे सदस्य कुणाला बोलवायचं ते ठरवतात. एकदा आत गेलं की मैत्री तर मिळतेच. पण राहायला जागा, जुन्या सदस्यांच्या ओळखी आणि त्या ओळखींतून पुढे नोकऱ्याही मिळतात. निवड कशी होते? सदस्यांना ‘आपल्यातला’ वाटला तर.

मी २००३ मध्ये मास्टर्स करायला अमेरिकेत गेलो तेव्हा आमच्या वाटेवर अशा घरांची एक ओळच होती. आम्ही चार देशी पोरं तांदळाची पोती खांद्यावर घेऊन तिथून जायचो आणि म्हणायचो, ही गोऱ्यांची मंडळं! आम्हाला त्यात जायचं नव्हतं, त्यामुळे काही टोचलंही नाही. टोचलं ते माझ्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या एका मुलाला. तो तिथेच जन्मलेला, आईवडील गुजराती. एका घरी तो तीन संध्याकाळी गेला, खेळला, हसला, सगळ्यांनी पाठ थोपटली. बोलावणं आलं नाही. "पोरगा झकास आहे, पण आमच्यात बसणार नाही," एवढंच त्याच्या कानावर आलं. त्याच्या एका मित्राला दुसऱ्या एका घराने घेतलं. त्याचं नाव उच्चारायला अवघड म्हणून तिथे त्याला टोपणनाव मिळालं, माहितीपत्रकाच्या फोटोत मात्र पुढची जागा मिळाली. दोघांपैकी जास्त कुणी सोसलं, हे मला अजून सांगता येत नाही.

हे नवीन नाही. बऱ्याच संस्थांच्या नियमांत एकेकाळी गोऱ्या ख्रिस्ती मुलांखेरीज कुणी नको असं चक्क लिहिलेलं असे. १९४८ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातल्या ‘फाय कप्पा साय’च्या शाखेने टॉमस गिब्ज या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं, तर राष्ट्रीय संस्थेने त्या शाखेलाच बाहेर काढलं. पुढे लेखी अटी गेल्या. पण २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं, की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्यांच्या सगळ्या सोरॉरिटींनी नाकारलं. आतल्या काही मुलींना ती हवी होती. आड आल्या त्या जुन्या माजी सदस्य बायका. त्या विद्यापीठाचं दार कृष्णवर्णीयांना १९६३ मध्ये उघडलं होतं. त्यानंतर पन्नास वर्षं! बातमीवर गदारोळ झाला, विद्यापीठाला लक्ष घालावं लागलं आणि तिथली निवड पुन्हा खुली झाली.

मग नाकारलेल्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःची घरं बांधली. १९०६ मध्ये कॉर्नेलमध्ये सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ काढली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचेच सदस्य झाले. १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात मुलींची ‘अल्फा कप्पा अल्फा’ निघाली; कमला हॅरिस तिच्या सदस्य. आपल्या लोकांची पाळी नव्वदच्या दशकात आली: १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘सिग्मा बीटा रो’, १९९८ मध्ये ऑस्टिनला मुलींची ‘कप्पा फाय गॅमा’.

ही वेगळी घरं चूक होती असं कोण म्हणेल? निदान आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये, कारण हा प्रयोग आपल्या कोल्हापुरातही झाला आहे. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं. व्यवहारात तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी एकेका समाजाला जागा आणि पैसे देऊन वेगळी बोर्डिंगं उभी केली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली, म्हणून तो शिकला. सगळ्यांचं म्हणवणारं घर जर एकाचंच निघालं, तर दुसऱ्याने आपलं छप्पर घालण्यात गैर काय?

पण गोष्ट इथे संपत नाही. भाऊराव पाटील तेव्हा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. म्हणजे बघा, ज्या घराने त्यांना आसरा दिला, त्याच घराला त्यांचं दुसऱ्याच्या दारात जाणं चाललं नाही. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी ते येऊन पाहिलं. कोल्हापूर ते सातारा अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. हे अंतर आपण सगळे कापतोच असं नाही. मी कापलं नाही, ते सांगतो.

२००८ मध्ये मी दुबईत आलो. कुटुंब मागून यायचं होतं, त्यामुळे मी ‘बॅचलर’. इथे बायको-मुलं असलेला माणूसही एकटा राहिला की बॅचलरच! इंटरनॅशनल सिटीत लिफ्टजवळ चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत: बेडस्पेस, फक्त केरळी, फक्त फिलिपिनो, फक्त शाकाहारी भारतीय. त्या वाचून मला रागही यायचा आणि हसूही. मग ओळखीने मराठी मुलांचा फ्लॅट मिळाला आणि राग निवला. रात्री पिठलं-भात, टीव्हीवर क्रिकेट, कुणाला ताप आला तर पेज करून देणारा माणूस. परक्या गावात आणखी काय हवं?

काही महिन्यांनी एक जागा रिकामी झाली. एकाचा फोन आला. विदर्भातला, साइट ऑफिसमध्ये नोकरी, बोलायला मोकळा. भाडं ठरलं, कामाच्या वेळा सांगून झाल्या. शेजारून एकजण हळूच म्हणाला, "आडनाव विचार." मी विचारलं. त्याने सांगितलं. खोलीत कुणी काही वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. मी फोनवर म्हणालो, "कळवतो." तो "बरं" म्हणाला. त्या ‘बरं’मध्ये आश्चर्य नव्हतं. तीन दिवसांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली, आणि आम्ही एकमेकांना सांगितलं की तो ओळखीतला होता म्हणून दिली.

"आमच्यात बसणार नाही" आणि "कळवतो" यांत फरक काय? मला तरी सापडत नाही. अमेरिकेतली ती घरं मला दुरून दिसली होती, त्यांच्यावर हसणं सोपं होतं. इथे मीच दारात उभा होतो. आणि हा रोग माझ्यापुरता नाही. आपली मंडळी जिथे जातात तिथे तो सामानात येतो. उगाच नाही ब्रँडाइस विद्यापीठाला २०१९ मध्ये आणि सिअ‍ॅटल शहराला २०२३ मध्ये भेदभावाच्या नियमांत ‘जात’ हा शब्द घालावा लागला.

कुणी म्हणेल, मित्र निवडायचं स्वातंत्र्य नको का? हवंच. कुणाबरोबर चहा प्यायचा हे मला कायद्याने सांगू नये. पण जिथे मैत्रीबरोबर राहायची जागा, नोकरीची शिफारस, परीक्षेच्या नोट्स, अडीनडीला मदत वाटली जाते, तिथे ती नुसती मैत्री राहत नाही. तिथे ‘आपल्यातला’ या शब्दाने कुणाचा तरी घास जातो. त्या विदर्भातल्या माणसाला माझी मैत्री नको होती. त्याला एक पलंग हवा होता.

वेगळं घर बांधावं का, याला माझं उत्तर आता असं आहे: दार बंद मिळालं असेल तर जरूर बांधावं, आणि लाजू नये. पण आपल्याला नाकारलं होतं, एवढ्याने दुसऱ्याला नाकारण्याचा परवाना मिळत नाही. अल्फा फाय अल्फाने १९४० च्या दशकातच आपलं दार इतर वर्णांच्या मुलांना उघडलं. त्यांचं घर त्यामुळे मोडलं नाही. घराला आपली भाषा असावी, आपलं जेवण असावं, आपले सण असावेत. ते आवडणारा, शिकायला तयार असणारा जो येईल तो आपला. दारात आडनाव, रंग, गाव विचारायचं कारण नाही.

लेकीला मी हे सगळं सांगितलं, फ्लॅटची गोष्टही सांगितली. म्हटलं, जिथे जाशील तिथे आधी बघ, कोण आहे यापेक्षा कोण नाही. आणि का नाही हे विचार. दक्षिण आशियाई घरात गेलीस तर तिथेही विचार. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, त्या काकांना नंतर कधी फोन केलात?"

नाही केला. नंबर तेव्हाच्या फोनमध्ये होता, तो फोन कधीच गेला.

मंडळी, ही स्मरणिका तुमच्या हातात पडेल तेव्हा आपल्या कार्यक्रमाची तयारी सुरू असेल. आपलं मंडळही आपण परक्या देशात एकटं पडू नये म्हणून बांधलेलं घरच आहे, आणि मला ते प्रिय आहे. म्हणून एकच विनंती. यंदा सभागृहात बसल्यावर एकदा आजूबाजूला पाहा. मराठी बोलणारं, याच शहरात राहणारं, आणि तरीही इथे नसलेलं कोण आठवतं? आठवलं तर फोन करा. मला तो नंबर आता मिळणार नाही. तुमच्याकडे कदाचित असेल.