पथारी कुठे पसरावी

बंगळुरूला जायचं ठरलं आहे, असं धरू. तिकीट काढून झालं. मिरजेकडून राणी चन्नम्मा असेल, नाहीतर मुंबईहून उद्यान. आता रात्री कुठे टेकायचं एवढाच प्रश्न उरला आहे, आणि तो आपण नेहमीप्रमाणे मोबाइलवर अंगठा फिरवत दोन मिनिटांत निकालात काढणार आहोत. तो अंगठा जरा थांबू द्या. घाई नाही.

याआधी तुम्ही ज्या हॉटेलात राहिलात, ती खोली आठवून पाहा. पांढरी चादर, चहाची किटली, साखरेच्या दोन पुड्या, न उघडलेला पडदा. ती नागपूरची होती, इंदूरची की हैदराबादची? सांगता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ती खोली लक्षात राहावी म्हणून बांधलेलीच नसते. तिनं तुम्हाला सगळं दिलं आणि तुमच्याकडून पैशांखेरीज काही मागितलं नाही. आज हाच प्रश्न मनात धरून बसू: राहण्याची जागा आपल्याकडून काय मागते?

आता गाडीतून उतरा. बंगळुरूचं मुख्य स्टेशन, सकाळची वेळ, हवेत थोडा गारवा. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आलो आहोत. समोर मॅजेस्टिक: बसगाड्या, हमाल, लॉजच्या पाट्या, बॅगा ओढणारी तरुण पोरं. जिथे हा अवाढव्य बसस्टँड आहे तिथे एके काळी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. बस पकडायला धावणारी माणसं तळ्याच्या पोटातून धावत असतात. त्यांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तुम्ही क्षणभर उभे राहून तो तलाव पाहा.

याच परिसरात, स्टेशनसमोर, गुब्बी तोटदप्पांचं छत्र आहे. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा. तोटदप्पा तुमकुरूजवळच्या गुब्बीचे व्यापारी. गावोगावहून बंगळुरूला येणाऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा नाही, हे पाहून त्यांनी प्रवाशांसाठी धर्मछत्र आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभं केलं. १९०३ साली चौथ्या कृष्णराज वडियारांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हैसूर संस्थानानं पुढे त्यांना ‘धर्मप्रवर्त’ ही पदवी दिली.

धर्मशाळेत राहण्याची कल्पना करून पाहा. पंढरपूरला, नाशिकला, नाहीतर आळंदीला लहानपणी राहिला असाल तर कल्पनाही करायला नको. कुलूप आपलं, चादर आपली, साबण आपला. पहाटे चारला बादल्यांचे आवाज. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा खोकला रात्रभर आपल्याला सोबत करतो, आणि सकाळी तोच म्हातारा आपल्याला विचारतो, कुठले तुम्ही? अशी जागा आपल्याकडून आपलं एकटेपण मागते. ते द्यायची तयारी नसेल तर तिथे जाऊ नये, आणि मग धर्मशाळा घाण असतात असं कुरकुरत परतूही नये. एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करायला नको. जुन्या काळची कितीतरी छत्रं जातीजातींची होती, पंक्ती वेगळ्या होत्या. दानाच्या ओसरीवरही कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरलेलं असे. जुन्या वास्तूत शिरताना आपण खांब, कमानी आणि तुळया पाहतो. त्यांच्यासोबत उंबऱ्याबाहेर थांबलेली माणसंही पाहावीत.

तिथून फार दूर न जाता मल्लेश्वरमला येऊ. इथे अंमळ जास्त थांबायचं आहे.

१८९६-९७ चा पुण्याचा प्लेग आपल्याला माहीत आहे, रँडमुळे तर पाठच आहे. तीच साथ १८९८ मध्ये बंगळुरूत पोचली. पेठांमधल्या दाटीत माणसं पटापट मरू लागली, आणि गावाबाहेर आखलेल्या मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींकडे लोक सरकले. रुंद रस्ते, घराभोवती अंगण, अंगणात झाडं. मल्लेश्वरमच्या मोठ्या रस्त्यांची नावं पाहा: एक संपिगे, म्हणजे सोनचाफा, दुसरा मार्गोसा, म्हणजे कडुनिंब. मरणाच्या भीतीतून माणसांनी इतकी रम्य वस्ती उभी करावी, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आजच्या कुठल्याही नव्या टाऊनशिपच्या जाहिरातीपेक्षा त्या प्लेगच्या वस्तीत राहण्याची समज अधिक होती, असं माझं ठाम मत आहे.

त्या काळातली काही घरं अजून उभी आहेत. रेड ऑक्साइडची लाल, गुळगुळीत जमीन, मंगलोरी कौलं, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या. या टोप्यांना बंगळुरूत ‘मंकी टॉप’ म्हणतात. यातल्या काही घरांत पाहुणे राहू शकतात. नीमराणा या हॉटेल-समूहानं मल्लेश्वरमच्या विला पोट्टीपाटी या जुन्या बंगल्यात पाहुण्यांची सोय केली, तेव्हा खोल्यांना क्रमांक न देता साड्यांची नावं दिली. दोनशे चार नंबरच्या खोलीत झोपणं आणि एखाद्या साडीच्या नावाच्या खोलीत झोपणं यात फरक काय, असं हिशेबी माणूस विचारेल. विचारू द्या.

अशा घरात शिरताना चप्पल बाहेर काढावी लागते. अनवाणी पाय त्या लाल जमिनीवर ठेवा. उन्हाळ्यातही ती थंड असते. घरमालकीण बाई विचारतात, “ऊटा आयता?” जेवण झालं का? होय म्हणालात तरी त्या कॉफी आणतातच, डवऱ्यात आणि टंबलरमध्ये, वरून खाली ओतून फेसाळलेली. दाराला रात्री कधी कडी लागते ते सांगतात. उशीर होणार असेल तर कळवा, म्हणतात. इथे तुमच्यातला स्वतंत्र, पैसे मोजून आलेला ग्राहक किंचित दुखावतो. त्या दुखण्याकडे नीट लक्ष द्या, त्याला घालवायची धडपड करू नका. आपली कुणीतरी वाट पाहणार आहे, या गोष्टीची आपल्याला आता सवय उरलेली नाही.

सकाळी चालत काडु मल्लेश्वराच्या देवळात जा. मल्लेश्वरमचं नाव याच देवावरून पडलं. इथे १६६९ चा शिलालेख आहे: एकोजींनी, म्हणजे आपल्या व्यंकोजीराजांनी, या देवाला एक गाव इनाम दिल्याचा. आता मराठी मनाला उकळी फुटते, बंगळुरू आमचंच होतं की! ती उकळी बसेपर्यंत समोरच्या नंदीतीर्थाच्या पायऱ्यांवर बसू. हे कुंड कित्येक वर्षं मातीखाली गाडलेलं होतं. १९९७ मध्ये ते उकरलं गेलं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार लिंगावर पडत असते. त्या धारेकडे पाहत शहाजीराजांना आठवा. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं हे गाव ते वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजांकडून घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. जिजाबाई आणि बाळ शिवाजी इथे येऊन राहून गेले. शहाजीराजांचा मृत्यू १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत झाला, समाधीही तिथेच आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळुरू घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना तीन लाखांना विकून टाकलं. म्हणजे पन्नास वर्षांचा मुक्काम. लांबला खरा, पण मुक्कामच. मागे राहिलं काय, तर देवाला दिलेलं एक गाव, दगडावर कोरलेलं.

आता इंग्रजांच्या जुन्या छावणीच्या बाजूला जाऊ. रेसकोर्सलगतचं वेस्ट एंड हे हॉटेल १८८७ मध्ये ब्रॉन्सन नावाच्या इंग्रज बाईंनी दहा खोल्यांचं बोर्डिंग हाऊस म्हणून सुरू केलं. आज ते ताजकडे आहे, वीस एकरांत, जुन्या प्रचंड वर्षावृक्षांखाली. परवडत असेल तर एक रात्र जरूर राहावं, नाहीतर दुपारचा चहा घ्यावा. या जागेची मागणी वेगळी आहे. तिथे रिकामं बसता आलं पाहिजे. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत तासभर बसा आणि फोनला हात लावू नका. जमतं का पाहा. बहुतेकांना दहा मिनिटांतच पैसे वसूल करायची घाई सुटते: पोहायला जाऊ, फोटो काढू, न्याहारीला चार पदार्थ जास्त घेऊ.

रिकामी दुपार काय करू शकते याचा एक दाखला याच शहरात आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी इथे आला. दोन मित्रांसोबत गुलाबांच्या बागेतला एक बंगला त्यानं भाड्यानं घेतला. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो, आणि मधल्या लांबलचक उन्हात करायला काहीच नाही. त्या उन्हात त्यानं गिबन वाचला, मेकॉले वाचला, प्लेटो वाचला. शाळेत न झालेलं शिक्षण बंगळुरूच्या व्हरांड्यात झालं. (पुढे त्यानं भारताविषयी काय उद्गार काढले ते आपण जाणतोच. वाचनानं माणूस शहाणा होतोच असं नाही.) तो ज्या क्लबचा सभासद होता तो बॅंगलोर क्लब, १८६८ चा, आजही आहे. सभासदाचे पाहुणे म्हणून किंवा संलग्न क्लबच्या ओळखीनं तिथल्या खोल्यांत राहता येतं, पण पोशाखाचे नियम पाळावे लागतात. तिथल्या १८९९ च्या वहीत बुडीत बाकीदारांच्या यादीत लेफ्टनंट चर्चिलचं नाव आहे: तेरा रुपये. ही बाकी फेडायला पुढे लोक तयार झाले, पण क्लबनं घेतली नाही. ती वही आता काचेआड दाखवतात.

आणखी एक पाहुणा आठवा, थोडा आजारी. मार्च १९२७ मध्ये आपल्या कोल्हापूर-निपाणी भागातल्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती ढासळली. आधी त्यांना आंबोलीला नेलं, एप्रिलमध्ये बंगळुरूजवळच्या नंदी डोंगरावर, आणि जूनपासून बंगळुरूच्या कुमार पार्कात. कुणाचं तरी घर, कुणीतरी ठरवलेलं पथ्य, बोलायला मनाई. आयुष्यभर इतरांना नियम घालून देणाऱ्या माणसाला इथे इतरांचे नियम पाळत पडून राहावं लागलं. नंदीवर आजही राहता येतं. पहाटे ढग पायांखाली असतात. शनिवार-रविवारी तेवढं जाऊ नका, ढगांपेक्षा मोटारसायकलीच जास्त दिसतील.

बाकीच्या जागा चालता चालता पाहू. इंदिरानगर-कोरमंगलाची बॅकपॅकर हॉस्टेलं: दुमजली बंक, भिंतीवर रंगवलेले ऑटोरिक्षा, वातावरण जरा ठरवून आणलेलं. माझं तिथे मन रमत नाही, पण विशीतल्या माणसानं माझं ऐकू नये. आणि बीटीएम, मारतहळ्ळीकडची पीजी: एका खोलीत तीन खाटा, दारावर डबेवाल्याचा नंबर, गॅलरीत वाळणारे टॉवेल. सोलापूरची, लातूरची, जळगावची कितीतरी मुलं इथे आहेत. ओळखीचं पोरगं असेल तर एक रात्र त्याच्याकडे जमिनीवर अंथरूण टाका. त्याच्यासोबत बाय-टू कॉफी घ्या, म्हणजे एक मागवून दोघांत. आजचं बंगळुरू सगळ्यात जास्त कुठे राहत असेल तर याच खाटांवर.

आता यातली एक जागा निवडा. मनातल्या मनात दार ढकला. काउंटरवर जाडजूड रजिस्टर आहे. नाव, गाव, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, येण्याचं कारण. आपण हे रकाने घाईत भरतो. आज सावकाश भरा. वरच्या ओळींवर तुमच्याआधी आलेले दिसतात. शहाजीराजे: कारण, नेमणूक. चर्चिल: कारण, पलटण. गांधीजी: कारण, प्रकृती. पीजीतला तो मुलगा: कारण, नोकरी, पुढे कुठे जाणार, कोरं. तुमच्या ओळीत कारण काय लिहाल? ‘काम’ लिहिलंत तर चालेल, पण ‘फिरायला’ लिहिताना हात जरासा अडखळतो, तो का अडखळतो ते बघा. पेन कागदावर टेकवून ठेवा, उत्तर येईपर्यंत. मागे रांग नाही, बसा निवांत. फक्त मालक तेवढ्यात मान वर करून म्हणतील, आधारची झेरॉक्स द्या, दोन्ही बाजू.