कुंपण आणि खूण

पहाटे घरामागच्या सांदवाडीच्या दारात उभी राहून आत्या एवढंच म्हणाली, "सांबार गेला गा. सांबरानं खाल्ला." आमच्या वऱ्हाडी बोलीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे एका वाक्यात चोर आणि चोरीचा माल दोन्ही आले. ती विनोद करत नव्हती. सांबारासोबत पालक गेला होता, अर्धी मेथी गेली होती, वालाच्या वेलाचा शेंडा खाली लोंबत होता.

मी वाकून पाहिलं. ओल्या मातीत उमटलेली खुरं लहान होती, म्हणजे सांबर नसावं, चितळं असावीत. पालकाचे देठ कापलेले नव्हते, ओढून तोडल्यासारखे चिंध्या झालेले होते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात पाला धरून ते हिसका देतं. शिवाय खाताना ते चावत बसत नाही. उघड्यावर भराभर पोटात भरायचं आणि झाडीत सुरक्षित बसून रवंथ करायचा, ही त्याची रीत. दोन महिने भांड्यांचं पाणी घालून आत्यानं वाढवलेली भाजी त्या वेळी कुठेतरी सागाच्या सावलीत पुन्हा तोंडात येत असेल.

हे गाव केळझर. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांतला. परंपरा म्हणते, महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच. तसा मान सांगणारी गावं आणखीही आहेत, खानदेशातलं एरंडोल त्यांपैकी एक. पण आमच्याकडे बकासुर गावातलाच. लहानपणी ही गोष्ट मी भीमाची म्हणून ऐकली होती: गाडाभर अन्न घेऊन जाणारा, राक्षसासमोर बसून ते स्वतःच खाणारा भीम. त्या सकाळी मात्र मला तिच्यातला दुसराच शब्द आठवला. पाळी.

आदिपर्वातला बक नुसता लुटारू नाही. तो नगराचं शत्रूंपासून रक्षण करतो आणि मोबदल्यात गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस घेतो. ही व्यवस्था भयंकर आहे, तरी तिच्यात एक हिशेब आहे. संकट सगळ्यांचं, म्हणून भार घराघरांवर फिरता. एका घराची पाळी कित्येक वर्षांनी येते. पांडव ज्या ब्राह्मणाकडे राहतात त्याची पाळी येते, तेव्हा नवरा, बायको, मुलगी, जो तो मी जातो म्हणतो. आणि बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उगारून म्हणतं, हिनं मी राक्षसाला मारतो. रडणारं घर क्षणभर हसतं. मग कुंती आपल्या मुलाला पाठवते. जिची पाळी नाही ती दुसऱ्याची पाळी स्वतःच्या घरावर घेते. भीमाचा पराक्रम त्यानंतरचा.

गावात बौद्ध विहारही आहे, म्हणून दुसरी गोष्ट आठवायला लांब जावं लागत नाही. न्यग्रोधमृग जातकात हरणांचे दोन कळप वाराणसीच्या राजाच्या उद्यानात कोंडले जातात. रोज एकानं मरायला जायचं, आळीपाळीनं. एका गाभण हरणीची पाळी येते. तिचा कळपप्रमुख ती बदलून देत नाही. दुसऱ्या कळपाचा राजा न्यग्रोध तिच्याऐवजी ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा विरघळतो आणि सगळ्या प्राण्यांना अभय देतो.

करुणेची गोष्ट म्हणून आपण इथेच थांबतो. जातक थांबत नाही. अभय मिळालेली हरणं निर्धास्त होऊन लोकांची शेतं खाऊ लागतात. लोक राजाकडे जातात. राजा म्हणतो, राज्य सोडीन, पण शब्द मोडणार नाही. शेवटी न्यग्रोध कळपाला बोलावून बजावतो, दुसऱ्याचं पीक खाऊ नका. आणि शेतकऱ्यांना निरोप देतो, कुंपण घालू नका, शेताभोवती पानांची खूण बांधा. हरणं खुणेपलीकडे जात नाहीत. अभयदानाचा खर्च कुणाच्या शेतातून वसूल होतो, हे त्या कथाकाराला पक्कं ठाऊक होतं.

आपलं अभयदान म्हणजे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. आमच्या बाजूचं बोर अभयारण्य त्याच्याही आधीचं, 1970 चं. 2014 मध्ये ते व्याघ्रप्रकल्प झालं. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. ते असावं, वाढावं, असं मला मनापासून वाटतं. पण मला तसं वाटण्याची किंमत मी देत नाही. पिकाच्या नुकसानीला सरकार भरपाई देतं, त्यासाठी पंचनामा होतो. चार वाफे पालकाचा पंचनामा कोण मागायला जाणार? बकाच्या नगरीत निदान पाळी फिरत होती. इथे ती रानाला लागून असलेल्या त्याच घरांवर रोज रात्री येते, आणि आम्ही नागपुरातून येऊन जिप्सीत बसतो, चितळांचे फोटो काढतो.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधींनी 1936 पासून आश्रम केला. अहिंसेचा एवढा आग्रही माणूस, पण 1946 मध्ये 'हरिजन'मध्ये पिकं खाणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिताना तो शेतकऱ्याच्या बाजूला उभा राहिला. माणसाला उपाशी ठेवून पीक खाणाऱ्यांना जगू देणारी अहिंसा आपल्याला मान्य नाही, असा त्याचा आशय. मी त्यांच्याइतका पुढे जाऊ शकत नाही. आत्याही जाणार नाही. हरणाला काठी उगारतानाही ती आधी "हट् गा" म्हणून सांगते. पण भाजी जिची गेली तिच्याकडे अहिंसेचं जादा बिल पाठवू नये, एवढं त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

दुपारी आत्यानं पेटीतून जुनी लुगडी काढली. बोराटीच्या कुपाटीवर आम्ही ती ताणून बांधली, लाल, हिरवी, एक विटकी जांभळी. विदर्भात हल्ली कितीतरी शेतांभोवती अशा साड्या दिसतात. त्यांनी हरीण अडत नाही, फार तर बिचकतं. कुंपणापेक्षा ती खूणच जास्त. फक्त पलीकडे कळपाला बजावणारा न्यग्रोध नाही. खूण पाळायची ती आता अलीकडच्यांनीच.

म्हणून त्या रात्री मी म्हटलं, आत्या, आज तू झोप, जागल माझी. खाट अंगणाच्या कडेला टाकली. हातात बॅटरी घेऊन बसलेला मी, काडी उगारणाऱ्या त्या पोरापेक्षा फार वेगळा दिसत नसणार. दोनपर्यंत जागा होतो. पुढचं आठवत नाही.

सकाळी उरलेली मेथीही नव्हती. एक लुगडं खाली पडलं होतं. आत्यानं ते झटकलं, घडी घातली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"तुही पाळी होती ना गा?"