मूर्ती हलवल्यावर देऊळ कोणाचे?

ज्या देवळातून देव हलवला, त्या चार भिंतींना देऊळ म्हणावे काय? इटलीचे दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी यांचा २०११ सालचा एक चित्रपट याच प्रश्नापासून सुरू होतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘पुठ्ठ्याचे गाव’. ओल्मी हे श्रद्धाळू ख्रिस्ती, बेर्गामोकडचे. तिथल्या गरीब शेतकऱ्यांवरच्या त्यांच्या चित्रपटाला १९७८ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळाला होता.

कथा साधी आहे. एक जुने चर्च बंद होते. कामगार येतात, सामान उचलतात, मोठा क्रूस यंत्राने खाली उतरवतात. म्हातारा पाद्री पाहत राहतो. जन्मभर जिथे पूजा केली ती जागा ओकीबोकी होते. मग त्या रिकाम्या चर्चमध्ये आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेली, पोलिसांपासून लपणारी माणसे शिरतात. बाके आणि पुठ्ठे यांची पाले उभी राहतात. पाद्री त्यांना हाकलत नाही. धरायला आलेल्यांच्या आड तो उभा राहतो.

ही गोष्ट हवेतली नव्हती. त्या वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या उलथापालथीने हजारो माणसे होड्यांतून लांपेदुसा बेटावर उतरत होती, आणि परवान्यावाचून देशात येणे हाच इटलीत २००९च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. आलेले सगळे साधुपुरुष होते असेही चित्रपट सांगत नाही. हिंसेकडे ओढलेले तरुण त्यांच्यात आहेत. तरी आसरा देताना पाद्री कोणाच्या चांगुलपणाचा दाखला मागत नाही.

या पाद्र्याच्या मनात एक विचार येतो, तो आपल्याला टोचणारा आहे. भले करता यावे म्हणून मी पाद्री झालो. पण भले करायला श्रद्धा लागतेच असे नाही, भलेपणा श्रद्धेहून मोठा, असे त्याला वाटू लागते. मग माळ, एकादशी, हरिपाठ, वारी कशासाठी?

प्रश्न टाळू नये. गळ्यात माळ नसलेली माणसे भुकेल्याला जेवू घालतात, आणि माळकऱ्याच्या दारातून कोणी उपाशी परततो, हे आपण पाहतो. पण त्या थकलेल्या म्हाताऱ्याला दारात उभे राहण्याचे बळ कुठून आले? वर्षानुवर्षे ज्याचे नाव घेतले, तोच समोरच्या भिजलेल्या माणसात त्याला ओळखू आला. क्रूस गेला तरी साधना आत मुरली होती. श्राद्धाचे अन्न गावाबाहेर ठेवलेल्या भुकेल्यांना वाढणाऱ्या नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यांनी पूजा सोडली असे कोणी म्हणत नाही. तीच त्यांची पूजा होती. उलट चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. देव आत असताना भक्त बाहेर राहिला, याची ती साक्ष आहे. म्हणून मूर्ती आहे की नाही यापेक्षा दार कोणाला उघडते, यावर देऊळ ओळखावे.

आणि परक्याला दार उघडणे आपल्याला नवे नाही. वारीत लाखो अनोळखी माणसे गावोगावच्या अंगणात उतरतात. कोण कुठला हे न विचारता माउली म्हणून पाया पडतात, भाकरी-पिठले वाढतात. ती वाट आपल्याला पाहुणे होण्याचे सुख शिकवते. परीक्षा पुढे आहे. २०२० साली पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्याच वर्षी परप्रांतीय मजूर लेकरे कडेवर घेऊन आपल्या मुलखाकडे पायी निघाले होते. काही गावांनी त्यांना पाणी, जेवण दिले. काही ठिकाणी वेशीवर काटे पडले. रोगाचे भय खरे होते. पण काट्याच्या पलीकडे तांब्याभर पाणी ठेवता येत होते.

टाळ नसलेला, आपली भाषा न बोलणारा, ज्याच्याविषयी गावात वाईट बोलले जाते असा माणूस दारी आला, तर त्यालाही माउली म्हणता यावे. सरहद्द राखणे सरकारचे काम आहे. भुकेल्याला वाढणे आपले. कोणाला आत घ्यावे याचा कायदा बदलत राहील, पण सर्वांभूती देव पाहण्याचा आपला नेम कोणत्याही कायद्याने बदलत नाही. हरिपाठ म्हणून उठल्यावर आपला हात दाराच्या कडीकडे जातो की अडसराकडे, एवढे ज्याने त्याने पाहावे.

रामकृष्ण हरि.