पुराणाचे वस्त्र

पुराणकथेचे वस्त्र पांघरले, की विषयसुखाचे चित्र निर्दोष ठरते काय? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अकादमिक चित्रकलेने ठळकपणे उभा केला. १८६३ साली पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तेथील अधिकृत कलाप्रदर्शनात, काबानेलचे ‘व्हीनसचा जन्म’ झळकले आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते विकत घेतले. त्याच वर्षी मानेने रंगविलेली ‘ऑलिंपिया’ १८६५ मध्ये सलोंत आली, तेव्हा मात्र गहजब झाला. विवस्त्र दोघीही होत्या. परंतु काबानेलची स्त्री लाटेवर पहुडलेली देवता होती. मानेची स्त्री पॅरिसमधली गणिका होती आणि ती प्रेक्षकाकडे रोखून पाहत होती. आक्षेप केवळ नग्नतेला असता, तर तो दोन्ही चित्रांना सारखाच लागू झाला असता. पुराणाने पाहणाऱ्याला लाभणारा आडोसा मानेने काढून घेतला, हे त्याचे खरे पाप.

या आडोशाचे वैभव बूगरोच्या चित्रांत पाहावे. ‘वनदेवता आणि सॅटर’ (१८७३) मध्ये वनदेवता अर्धमानव-अर्धबोकड अशा सॅटरला खेळकरपणे पाण्यात ओढीत आहेत. ‘बॅकसचे तारुण्य’ (१८८४) या सहा मीटर रुंदीच्या पटावर मद्यदेवतेचा नाचता मेळा आहे. रेखन निर्दोष, त्वचेची कांती अपूर्व. पण या उत्सवात कोणी थकत नाही, कोणाला काही गमवावे लागत नाही. ग्रीक पुराण असे नव्हते. युरिपिडीजच्या ‘बॅकाय’ या नाटकात हाच उन्माद ओसरतो, तेव्हा आगावेच्या हाती तिच्याच पुत्राचे मस्तक असते. अकादमीने पुराणातली मौज घेतली आणि तिचे मोल वगळले.

हीच युरोपीय तैलतंत्राची भाषा राजा रविवर्म्याने आपल्या पुराणांसाठी योजिली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने रंगविलेल्या चौदा पौराणिक चित्रांत विश्वामित्र-मेनकेचे चित्र आहे. तेथे क्षण मोहाचा आहे. १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला आणि पहिले छापील चित्र निघाले ते ‘शकुंतलाजन्म’. त्यात मेनका तान्हे मूल पुढे करते आणि मुनी हात आडवा धरून तोंड फिरवितो. मोह सरला आहे, त्याचे फळ समोर आहे आणि ते स्वीकारण्यास पिता तयार नाही. प्रेक्षकाला केवळ सौंदर्य न्याहाळून सुटता येत नाही. त्या मुलाचे काय, हा प्रश्न त्याच्याही पदरी पडतो.

यावरून पूर्व सात्त्विक आणि पश्चिम भोगवादी असा सोयीचा निष्कर्ष काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. झोपाळ्यावरची मोहिनी, रंभा, तिलोत्तमा याही याच छापखान्याने घरोघर पोचविल्या, आणि अप्सरा हे नाव त्यांच्या ग्राहकांनाही आडोसा देतच होते. भेद देशाचा नसून निवडलेल्या क्षणाचा आहे. आनंदाचे चित्रण करणे हा दोष नव्हे. देवादिकांचा आनंद रंगविण्याचा अधिकार कलेला आहेच. मात्र ज्या कथेच्या बळावर चित्रकार सूट मागतो, त्या कथेला तो बांधील राहतो काय, ही कसोटी त्याला टाळता येत नाही. सॅटर आणि वनदेवता तिथे उणे पडतात. हात आडवा धरलेल्या मुनीसमोरची मेनका पडत नाही.