वारी चुकली, नेम मोडला काय?



आमच्या दिंडीत एक मावशी आहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, डोईवर तुळशीवृंदावन, पायांत बहुधा काही नाही. घरी चुलीमागच्या भिंतीवर त्यांनी गेरूच्या उभ्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. आषाढीहून परतले की एक रेघ. लिहितावाचता येत नाही, पण हिशेब चोख. या मावशींनी एकदा लोणंदच्या मुक्कामावर आम्हांस गाठले आणि विचारले, "माउली, त्या रोगाच्या दोन सालांच्या वाऱ्या धरायच्या, का सोडायच्या?"

आम्ही कीर्तनात उभे राहून लोकांच्या शंका फेडणारे; पण या शंकेपुढे गप्प झालो. 'बघू, सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. तो प्रश्न काही मनातून जाईना. आज त्याचाच विचार आपणांसमोर मांडतो.

प्रथम काय घडले ते आठवू, कारण माणूस दुःख लवकर विसरतो आणि त्यातला बोध तर त्याहून लवकर. २०२० साली १७ मार्चपासून पंढरीचे मंदिर दर्शनाला बंद झाले. चैत्री वारी गेली. वाटले, आषाढीपर्यंत निवळेल. निवळले नाही. १२ जूनला देहूहून आणि १३ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले खरे, पण मोजक्या माणसांत; पादुका तेथेच थांबल्या. ज्या वाटेवर लाखो पाय पडायचे ती दिवे घाटाची वाट ओस पडली. दशमीला, ३० जून रोजी, माउलींच्या पादुका एस.टी.च्या गाडीत बसून निघाल्या आणि अडीचशे किलोमीटरची वाट एका दिवसात सरली. १ जुलैला एकादशी. पंढरीत संचारबंदी, वाळवंट रिकामे. मानाचा वारकरी म्हणून महापूजेला उभा राहिला तो मंदिरात विणा घेऊन पहारा करणारा सेवेकरी, कारण बाहेरून कोणी यायचेच नव्हते. पुढच्या साली, २० जुलै २०२१ च्या एकादशीला, दहा मानाच्या पालख्यांना प्रत्येकी दोन गाड्या मिळाल्या. पायी वारी तेव्हाही नाहीच. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी झाली.

हे काही आपल्यावरच आले असे नव्हे. त्याच २०२० साली मक्केच्या हजला बाहेरच्या देशांतून कोणासही येऊ दिले नाही. पुरीचा रथ निघाला तो भक्तांवाचून. सगळ्या देवांची दारे एकदम लागली.

आता पूर्वपक्ष ऐका. आम्ही तो परक्याच्या तोंडी घालीत नाही, कारण तो आमच्याच तोंडचा आहे. त्या साली ज्येष्ठात आम्ही चारचौघांत स्पष्ट म्हणालो होतो, "नेम म्हणजे नेम. रोगाला भिऊन वारी सोडणारा कसला वारकरी? मरण यायचेच तर वाटेवर येऊ दे, त्याहून भाग्य कोणते?" ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हांलाही बोलून बरे वाटले. एवढेच नव्हे, तर रात्रीच्या वेळी दोन मोटारसायकली काढून आडरस्त्याने पंढरी गाठायची, कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचे, असा बेत आम्हां तिघांचा ठरलाही होता. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

बेत मोडला तो आमच्या पुतणीने. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवसांत ती घरी येई, तेव्हा अंगणातच अंघोळ करी आणि पडवीत वेगळी निजे. आपल्या तीन वर्षांच्या लेकराला दोन महिने तिने मांडीवर घेतले नव्हते. आमचा बेत कानी पडला तशी ती पडवीतूनच म्हणाली, "काका, तुमचं मरण तुमचं आहे, त्याला मी काय बोलणार? पण वाटेत ज्या घरी तुम्ही पाणी मागाल, त्या घरातल्या म्हातारीचं मरण तुमच्या हातात कुणी दिलं?"

सज्जनहो, साऱ्या प्रकरणाची गाठ येथे आहे. जुन्या रोगात आजारी माणूस बहुधा दिसत असे. हा रोग तसा नव्हता. अंगात ताप चढण्याच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शके. आणि काहींना तर ताप येतही नसे, ते हिंडतफिरत वाटून मोकळे होत. मग 'मी माझ्या जिवावर उदार झालो' या बोलण्याला अर्थ काय उरला? उदार व्हायचे आपण, आणि किंमत भरायची दुसऱ्याने! आणि वारी चालते कोणाच्या जिवावर? सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा वाटेवरच्या गावांच्या. तिथल्या आयाबाया पहाटे उठून चुली पेटवतात, पिठले-भाकरी रांधतात, वाटसरूचे पाय चेपतात. त्यांच्या उंबऱ्यात आपण रोग ठेवून यायचा, आणि वर म्हणायचे, नेम पाळला!

याचा जुना अनुभव आपल्या संप्रदायाला नाही असेही नाही. पटकी यात्रेबरोबर येई आणि यात्रेबरोबर गावोगाव जाई, हे मागच्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले. आमच्या लहानपणी पटकीची सुई टोचून घेतल्याखेरीज पंढरीला जाऊ नये, असा घरचा दंडकच होता. दंड सुजे, आम्ही रडत असू, आणि आजोबा म्हणत, "रड, पण आधी टोचून घे." त्यांना कोणी शास्त्र सांगितले नव्हते, त्यांनी गावातली रिकामी झालेली घरे पाहिली होती.

कोणी म्हणेल, हे सारे व्यवहाराचे झाले, परमार्थाचे काय? तर परमार्थाचेच बोलू. आपला देव विटेवर का उभा आहे, हे पंढरीच्या पोरालाही ठाऊक असते. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. दारात प्रत्यक्ष भगवंत आले. सेवा टाकून तो उठला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण तो उठला नाही. त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबायला सांगितले. आणि देव रागावला नाही, निघून गेला नाही. कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून थांबलेला आहे. अहो, ज्या संप्रदायाचा पायाच देवाला थांबवून ठेवण्यावर घातला आहे, त्या संप्रदायाने घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी देवाला दोन वर्षे थांब म्हटले, तर त्यात नवे ते काय झाले?

परंतु येथे आम्हांस दुसरी भीती वाटते. ती अशी, की आपण आता आपल्याच त्यागाचे पोवाडे गाऊ लागू. म्हणून त्याग कशाला म्हणावे तेही पाहिले पाहिजे. आपली वारी चुकली, डोळ्यांतून पाणी आले, हे खरे. पण संध्याकाळी ताटात भाकरी होती. पंढरीत बुक्का, लाह्या, तुळशीच्या माळा विकून वर्षाची बेगमी करणाऱ्याचे चारी वाऱ्यांचे उत्पन्न गेले. आमच्या दिंडीचा मृदंगमणी सप्ताह बंद पडल्यावर वीटभट्टीवर कामाला गेला; ज्या बोटांनी बोल काढायचे त्या बोटांना भेगा पडल्या. एप्रिल-मेच्या उन्हात मुंबईहून, पुण्याहून पोरेबाळे खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालत निघालेल्या मजुरांना तर आपण सर्वांनी पाहिले. आपण चालायचे थांबलो त्याच साली ते चालत होते. त्यांच्या पुढे पालखी नव्हती आणि मुक्कामाला मांडवही नव्हता. त्यांनी त्याग केला असे कोणी म्हणू नये. जे माणूस आपल्या हाताने देतो तो त्याग. जे त्याच्याकडून काढून घेतले जाते त्याला दुसरा शब्द आहे. भरल्या घरातून त्यांना त्यागाचे प्रवचन सांगणारे पुष्कळ निघाले, त्यांत आमचे कीर्तनकार बंधूही होते. ते आम्हांस आवडले नाही.

खऱ्या त्यागाची उदाहरणे हवी असतील तर १८९७ साल आठवा. मुंबईत प्लेग होता. हाफकीन नावाच्या परदेशी शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच साली पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्चला त्यांचा देह पडला. अलीकडे पाहायचे तर गावोगाव दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या आशाताई घ्या. पोटच्या पोरांनी हात लावायचे टाळले अशा देहांना अग्नी देणारे लोक घ्या. पुण्यात त्यांत मुसलमान तरुणही होते, आणि त्यांनी हिंदूंचे अंत्यविधी हिंदूंच्या रीतीने केले. आमच्या पुतणीचे नाव आम्ही या यादीत घालणार नाही, तिला ते आवडायचे नाही.

आणखी एक गोष्ट मनाला खाते. पहिल्या साली लोकांनी जे आनंदाने सोसले, ते दुसऱ्या साली सोसताना कपाळाला आठ्या पडू लागल्या. का? लोक दमले हे एक कारण. पण तेवढेच नव्हे. गरिबाच्या घरी लग्न पाच-पंचवीस माणसांत उरकावे लागले, दहाव्याला नदीवर भाऊबंद जमू शकले नाहीत. आणि त्याच दिवसांत मोठ्यांच्या घरची लग्ने गाजली, सभांना मैदाने भरली. 'आम्हीच तेवढे का?' असे माणसे विचारू लागली. यात कोणत्या एका पक्षाचे नाव घेण्याचे कारण नाही. सगळ्यांनीच हात धुऊन घेतले.

वारीची शिस्त आठवा. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या. कोणी कोठे चालायचे ते ठरलेले. ती शिस्त पोलिसांच्या काठीने टिकलेली नाही. मोठ्या घराण्याची दिंडीसुद्धा आपली जागा सोडीत नाही, हे शेवटच्या माणसाला दिसते, म्हणून तोही सोडीत नाही. आणि दुसरे पाहा. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाने उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंचावून 'होऽ' म्हटले की एका क्षणात टाळमृदंग बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, काय झाले ते विचारतात, तोड काढतात. तोवर आरती थांबते. लाखोंचा समाज एका दिंडीसाठी उभा राहतो! आम्हांस वाटते, रोगाच्या त्या दोन वर्षांत हेच कमी पडले. लोक थांबायला तयार होते. पण ज्यांचे टाळ वाजत राहिले होते, त्यांच्यापाशी विचारायला पुरेसे कोणी गेले नाही.

असो. मावशींचे उत्तर राहिलेच.

यंदा वारीहून परतताना वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "मावशी, धरा त्या दोन वाऱ्या. पुंडलिकाची धरतात, तुमची का नाही?" त्या हसल्या. आम्हांस चुलीमागे नेऊन भिंत दाखवली. गेरूच्या रेघांच्या रांगेत दोन रेघा खडूच्या होत्या, फिक्या पडलेल्या, पण दिसत होत्या.

"या तवाच वढल्या होत्या," मावशी म्हणाल्या. "एकादशीला हितं बसून. पोराला दम्याचा त्रास, म्हातारा अंथरुणात. म्हटलं, गेरू लावायचा का नाही ते मागनं कुणाला तरी विचारू." मग त्यांनी कोनाड्यातून गेरूची वाटी काढली, त्यात पाणी घातले आणि काडी आमच्या हाती दिली.

आम्ही ती परत त्यांच्याच हाती दिली.