सोन्याला तूस नसते

सुरतेच्या कोसाड भागात महानगरपालिकेने झोपडपट्टीतून हलविलेल्या कुटुंबांसाठी मोठी वसाहत उभारली. तेथील घरांची नोंद संगणकात आहे असे समजू या, आणि कोणी साध्या भाषेत विचारले, ‘कोसाडात किती घरे रिकामी आहेत?’ संगणकातील नोंदींना ही भाषा कळत नाही. त्यांना एसक्यूएल लागते. आयबीएमच्या संशोधकांनी १९७४ साली तिचे पहिले रूप मांडले. आता ही दुभाष्याची कामगिरी भाषायंत्रे करतात. पूर्वीच्या प्रश्नांतून नव्यासारखे दिसणारे चार-दोन निवडावयाचे, त्यांची पडताळलेली रूपांतरे समोर ठेवावयाची आणि त्या वळणावर नवे बेतावयाचे, अशी त्यांतली एक रीत आहे.

आम्हां वकिलांना ती परकी नाही. पूर्वनिर्णयांवर आमचा अर्धा व्यवसाय चालतो, आणि जुना खटला या खटल्यासारखा नाही हे दाखविण्यास विरुद्ध पक्षाचा वकील टपलेला असतो. यंत्रापुढे असा कोणी उभा नसतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा खल यज्ञाच्या निमित्ताने झाला. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय त्यालाच वाहिलेले आहेत. एका यागाचा विधी सविस्तर सांगितला, दुसऱ्याचा सांगितला नाही, तर पहिल्याचा दुसऱ्याकडे न्यावा, हा अतिदेश. अग्नीच्या जागी सूर्य देवता असेल तर मंत्रातील नाव बदलावे, हा ऊह. आणि जेथे धान्याऐवजी सोन्याचे गुंजभर तुकडे शिजवावयाचे, तेथे कांडणे गाळावे, कारण सोन्याला तूस नसते, हा बाध.

ऊह यंत्राला बहुधा साधतो. अडचण बाधाची. जुना प्रश्न ‘किती घरे वाटावयाची राहिली?’ असा असेल, तर त्या वळणाने वाटप न झालेल्या घरांचा आकडा येईल; विचारणाऱ्याला मात्र वाटलेली पण कुलूप लागलेली घरेही मोजावयाची होती. आकडा नेटका दिसतो, म्हणून कोणी शंका घेत नाही, आणि त्यावर एखाद्या कुटुंबाचा अर्ज फेटाळलाही जाईल.

याचा दोष यंत्रावर ढकलणे आम्हांस मान्य नाही. उत्तर पुढे देणारा माणूसच त्याला जबाबदार आहे. न्यायाधीश निकालात पूर्वनिर्णयाचे नाव लिहितो, ते हरणाऱ्याला अपिलात ‘तो खटला वेगळा होता’ असे म्हणता यावे म्हणूनही. तसेच कोसाडच्या अर्जदाराच्या हाती पडणाऱ्या कागदावर, आकड्याखाली, कोणत्या जुन्या प्रश्नाच्या आधारे तो काढला हे एका ओळीत लिहिलेले असावे. म्हणजे ‘मी कुलूपबंद घरांविषयी विचारले होते’ असे त्याला खिडकीपाशीच सांगता येईल.