डाव्या पायाचे काम

जुम्याची नमाज आटोपून आम्ही मैंदर्गीच्या बसथांब्यापाशी चहाला थांबलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी तिथे भेटला. दहावीनंतर तो गॅरेजात हाताखाली लागला, आता स्वतः इंजिन खोलतो. सलाम-दुवा झाली आणि त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. परदेशातला कुणी एक हौशी माणूस आपल्या महागड्या स्पोर्ट्‌स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्याजागी हाताने टाकायचा गिअर बसवत होता. पोऱ्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "सर, लोगां तकलीफ जाने कू पैसा देते, ये आदमी पैसा देको तकलीफ लेरा!"

आम्ही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. तकलीफ विकत घेणारा माणूस मूर्ख असतो का? नसेल, तर मग आम्ही सगळे आयुष्यभर सोयीच्या मागे का धावतो?

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. आम्हाला ते त्या पोऱ्यानेच समजावले. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. कोणता गिअर कधी टाकायचा ते यंत्रच ठरवते. डाव्या पायाला कामच नसते. ती गाडी हाती चालवायची तर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नवे फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचचे पेडल, त्याचा सिलिंडर, गिअरचा दांडा हे सारे बसवावे लागते. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते. शेवटी गाडीतल्या संगणकाचीही समजूत घालावी लागते, की बाबा रे, तू ज्याला हुकूम देत होतास तो गिअरबॉक्स आता इथे नाही.

फेरारीची कथा निराळी आहे. 1997 मध्ये त्या कंपनीने एफ355 या गाडीत क्लचचे पेडल काढून टाकले आणि स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या दिल्या. पण आतला गिअरबॉक्स तोच जुना होता. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र करू लागले. म्हणून पुढच्या काही फेरारींमधून ते यंत्र काढून पुन्हा दांडा आणि पेडल बसवून देणारे कारागीर निघाले. आपल्याकडे नेमके उलटे घडले. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओत साध्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर सांभाळणारे यंत्र बसून आले, आणि मुंबई-पुण्याच्या गर्दीत अडकणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. एकाने जे यंत्र काढून फेकले, तेच दुसऱ्याने आनंदाने विकत घेतले.

आपल्याकडे असा बदल मनात आला म्हणून करताही येत नाही. नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करू नये, असे मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 सांगते. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. पण आमचा प्रश्न कायद्याचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. एवढा खटाटोप करून गाडी वेगवान होते म्हणावे, तर तसेही नाही. आजचे यंत्र माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलते. पोर्शे कंपनीने 2013 मध्ये आपली 911 जीटी3 ही गाडी फक्त स्वयंचलित गिअरची काढली, कारण तीच अधिक वेगवान होती. तरी चालवणारे नाराज झाले. 2016 मध्ये कंपनीने हाती गिअरची 911 आर काढली, अवघ्या 991 गाड्या. 2017 मध्ये जीटी3 मध्येही हाताचा गिअर परत आला. टोयोटाची नवी सुप्रा 2019 मध्ये केवळ ऑटोमॅटिक म्हणून आली, 2022 मध्ये तिलाही दांडा द्यावा लागला. म्हणजे हे लोक वेग विकत घेत नव्हते. गाडी "मी" चालवली, ही भावना ते विकत घेत होते.

ही भावना खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. उर्दूच्या माणसाला ती ओळखीची आहे. नस्तालीक लिपी टाइपाच्या खिळ्यांत नीट बसत नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिब मंडळींनी हाताने लिहिली. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली, लाहोरचा 'जंग' संगणकावर निघू लागला, पुढे इनपेज आले आणि कातिबांच्या लेखण्या थंडावल्या. आमच्याही शाळेचे पेपर आता संगणकावर टाइप होतात. अक्षर सुबक येते. तरीही आम्ही मुलांना सेठ्याच्या लेखणीने 'अलिफ', 'बे' गिरवायला लावतो. 'जीम'चे पोट कुठे फुगते आणि कुठे आवळते, हे बोटाला एकदा कळले की डोळ्यालाही कळते. केवळ बटण दाबणाऱ्याला ते कळत नाही.

आणि इबादतीत तर ऑटोमॅटिक नाहीच. मोबाइल सहेरीला उठवील, किबला दाखवील, तसबीह मोजील. पण रोजा आपल्यालाच धरावा लागतो. माझी भूक यंत्राने सोसावी आणि सवाब मला मिळावा, असा सौदा होत नाही. काही कामे अशी असतात, की ती दुसऱ्याने केली तर होतच नाहीत.

इथवर आलो आणि वाटले, लेख झाला. श्रमाचा महिमा गायचा आणि थांबायचे. पण आमच्या मामूंनी तो लेख मोडून टाकला.

मामूंनी तीस वर्षे ट्रक चालवला. दुधनीच्या बाजारातून तूर-उडीद भरायची आणि दूरदूर न्यायची. आज त्यांना नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते, डावा गुडघा वाकत नाही. आम्ही त्यांना त्या मोटारवाल्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेटा, उसकू बोल, मेरे घुटने में रखेला क्लच लेजा. फुकट देतूं."

आम्हाला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. ज्याला रविवारी तासभर गाडी फिरवायची आहे त्याचा क्लच आणि ज्याला पोटासाठी घाटात रात्रभर दाबायचा आहे त्याचा क्लच, हा एकच क्लच नव्हे. पहिल्याने कष्ट निवडले, दुसऱ्याच्या ते नशिबी आले. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी 'शिवाई' ही विजेवरची गाडी धावली. तिच्यात दाबायला क्लच नाही. त्या चालकाला कुणी विचारावे का, की बाबा, तुझ्या कलेचे काय? आणि ज्याचा डावा पाय पोलिओने गेला आहे, त्याच्यासाठी क्लच म्हणजे रस्त्यातली भिंत आहे. ऑटोमॅटिक गाडी ही त्याची चैन नाही, ते त्याचे स्वातंत्र्य आहे.

घरात पाहिले तरी हेच दिसते. जात्याच्या ओव्यांचे कौतुक पुरुषांनी फार केले. पण पिठाची गिरणी आली तेव्हा पहाटेची झोप बाईला मिळाली. कष्टाचे सौंदर्य सांगणारा माणूस बहुधा ते कष्ट करीत नसतो. म्हणून आम्ही स्वतःसाठी एक नियम केला: आपल्या वाट्याला कष्ट घ्यायचे असतील तर खुशाल घ्यावेत, पण त्यांचे पुण्य सांगून ते दुसऱ्याच्या वाट्याला ढकलू नयेत.

मग मास्तर म्हणून आम्ही काय करतो? मुलांना गिरवायला लावतो, पाढे पाठ करायला लावतो. ही त्यांनी निवडलेली तकलीफ नाही, आम्ही लादलेली आहे. याचे समर्थन एकच होऊ शकते: या तकलीफेतून मुलाचा हात पुढे मोकळा व्हावा. आणि अट अशी, की लादणाऱ्याने आपल्या वाट्याचे काम यंत्रावर सोडलेले नसावे. या अटीत आम्ही एकदा नापास झालो आहोत. तेही सांगतो.

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची. पद्धत चांगली. पण नोंदींच्या तयार याद्या बाजारात मिळतात, मोबाइलवर फिरतात. पूर्वीच्या एका शाळेत असताना आम्ही तीच यादी समोर ठेवून पन्नास मुलांच्या नोंदी एका रात्रीत उरकल्या. शेवटच्या बाकावरच्या एका मुलापुढे लिहिले, 'स्वभावाने शांत व समंजस'. पुढच्या सत्रातही तेच. दोन वर्षे तेच. एके दिवशी त्याची अम्मी आली आणि म्हणाली, "सर, बच्चे कू एक कान से सुनने नहीं आता, दुसरा बी कम होरा. तुमे कबी देखे नहीं?"

तो शांत नव्हता. त्याला ऐकू येत नव्हते. यादीतले वाक्य निर्दोष होते, शुद्धलेखन अचूक होते, काम वेळेत झाले होते. गाडी सुरळीत चालली होती, फक्त चालवणारा आत नव्हता.

त्या मुलाला आम्ही पहिल्या बाकावर आणले, त्याच्या अम्मीबरोबर सोलापूरला डॉक्टरांकडेही गेलो. पण गेलेली दोन वर्षे त्याला परत देता आली नाहीत.

आता आम्हाला त्या मोटारवाल्याचे हसू येत नाही. त्याच्यासारखे करावे असेही वाटत नाही. प्रश्न ऑटोमॅटिक चांगले की हाती चांगले, हा नाहीच. ज्या सोयीने मामूंचा गुडघा वाचला असता ती सोय आम्हाला मुबारक आहे. ज्या सोयीने एका मुलाचा कान आमच्यापासून लपवला, ती हराम नसली तरी आमच्यासाठी मकरूह आहे. फरक एवढाच, की पहिल्या सोयीने माणसाचे ओझे उतरते आणि दुसरीने माणूसच नजरेआड होतो.

आम्ही आता नोंदी हाताने लिहितो. एका मुलाला दहा मिनिटे लागतात. लिहिण्याआधी त्याचा चेहरा आठवावा लागतो, आणि आठवला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याच्याकडे नीट पाहावे लागते. पन्नास मुलांना रात्री पुरत नाहीत. सहकारी हसतात, म्हणतात, "सर, यादी है ना!"

यादी आहे. आम्हाला ठाऊक आहे.